फ्रेडरिक विन्स्लो टेलर

फ्रेडरिक विन्स्लो टेलर (२० मार्च १८५६ – २१ मार्च १९१५) हे अमेरिकन यंत्र अभियंता, धातुकर्तनाचे संशोधक आणि शास्त्रीय व्यवस्थापन या विचारप्रणालीचे प्रवर्तक होते. कारखान्यातील कामाचे घड्याळ लावून मापन करणारे अभियंते म्हणून ते प्रसिद्ध असले, तरी त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग लेथसारख्या यंत्रांवर धातू कापण्याच्या प्रयोगांत गेला. हे प्रयोग सुमारे २६ वर्षे चालले. कामगाराच्या हाती दिलेले हत्याराचे पोलाद, कापायच्या धातूचा कठीणपणा, यंत्र फिरवणारा चामडी पट्टा, हत्यारावर सोडलेले पाणी अशा कारखान्याने विकत घेतलेल्या किंवा पुरवलेल्या गोष्टींवर एका कामगाराचे दिवसाचे उत्पादन किती अवलंबून असते, याचे पहिले सविस्तर मोजमाप या प्रयोगांतून झाले. मॉन्सेल व्हाइट यांच्यासह त्यांनी शोधलेल्या पोलाद संस्करणातून पुढे 'हाय-स्पीड स्टील' नावाने ओळखले जाणारे हत्याराचे पोलाद विकसित झाले. 'शॉप मॅनेजमेंट' (१९०३), 'ऑन द आर्ट ऑफ कटिंग मेटल्स' (१९०६) आणि 'द प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट' (१९११) ही त्यांची प्रमुख लेखनसंपदा होय.

जन्म व शिक्षण

टेलर यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील फिलाडेल्फिया शहराच्या जर्मनटाउन या भागात एका संपन्न क्वेकर कुटुंबात झाला. वडील फ्रँकलिन टेलर यांचे शिक्षण प्रिन्स्टन येथे झाले होते व ते वकील होते. आई एमिली ॲनेट विन्स्लो या गुलामगिरीविरोधी चळवळीच्या पुरस्कर्त्या होत्या. बालपणातील काही काळ टेलर यांनी युरोपात प्रवास व शिक्षण यांत घालवला. १८७२ मध्ये त्यांनी न्यू हॅम्पशर राज्यातील फिलिप्स एक्सेटर अकॅडमी या शाळेत प्रवेश घेतला. वडिलांप्रमाणे वकील व्हावे या हेतूने त्यांनी हार्वर्ड विद्यापीठाची प्रवेश परीक्षा दिली व ते त्यात उत्तीर्णही झाले. तथापि डोळ्यांच्या त्रासाचे कारण होऊन त्यांनी तो बेत सोडला.

१८७४ मध्ये ते फिलाडेल्फियातील एंटरप्राइज हायड्रॉलिक वर्क्स या पंप तयार करणाऱ्या कारखान्यात उमेदवारी करू लागले. तेथे त्यांनी ओतकामासाठी लागणारे लाकडी नमुने तयार करण्याचे आणि यंत्रकामाचे शिक्षण घेतले. उमेदवारीच्या काळात सहा महिने रजा घेऊन त्यांनी १८७६ च्या फिलाडेल्फिया येथील शताब्दी प्रदर्शनात न्यू इंग्लंडमधील यंत्रहत्यार उत्पादकांचे प्रतिनिधी म्हणून काम केले. संपन्न घरातील तरुणाने कामगारांच्या सोबतीने चार वर्षे उमेदवारी करावी, ही त्या काळी सर्वसामान्य गोष्ट नव्हती.

मिडव्हेल स्टील कंपनी

१८७८ मध्ये टेलर यांनी फिलाडेल्फियातील मिडव्हेल स्टील वर्क्स या कारखान्याच्या यंत्रशाळेत साधा मजूर म्हणून नोकरी धरली. रेल्वे इंजिनांच्या चाकांवरील पोलादी धावा, आस व तत्सम जड भाग तेथे तयार होत. काही वर्षांतच ते मजूर, हजेरी-कारकून, लेथ कारागीर, टोळीप्रमुख, फोरमन अशा पायऱ्या चढत कारखान्याचे मुख्य अभियंता झाले. नोकरी सांभाळून घरी अभ्यास करत त्यांनी १८८३ मध्ये स्टीव्हन्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेची यंत्र अभियांत्रिकीची पदवी मिळवली. १८८४ मध्ये लुईस स्पूनर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

टोळीप्रमुख झाल्यावर त्यांचा कारागिरांशी दीर्घ संघर्ष सुरू झाला. यंत्रशाळेत नगावारी वेतन होते. परंतु जास्त नग काढल्यास मालक दर कमी करतात, हा अनुभव असल्याने कारागीर आपसांत ठरवून ठरावीक मर्यादेपलीकडे उत्पादन जाऊ देत नसत. टेलर स्वतः त्याच लेथवर काम केलेले असल्याने ही मर्यादा त्यांना ठाऊक होती. दंड, दरकपात, नवख्या माणसांना शिकवून कामावर लावणे असे उपाय त्यांनी योजले. कारागिरांनी यंत्रे मोडून त्याचे खापर वाढवलेल्या वेगावर फोडल्याचेही त्यांनी पुढे सांगितले. दोन-तीन वर्षांच्या झगड्यानंतर उत्पादन वाढले. पण या यशाचे समाधान त्यांना लाभले नाही. दिवसाचे योग्य काम किती, हे ना कारागिराला ठाऊक होते ना मालकाला, आणि वादाचे मूळ या अज्ञानात आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

धातुकर्तनाचे प्रयोग

योग्य काम किती हे ठरवण्यासाठी आधी एक तांत्रिक प्रश्न सोडवणे आवश्यक होते. लेथवर एखादा भाग कातताना हत्यार कोणत्या आकाराचे असावे, यंत्र किती वेगाने फिरवावे आणि प्रत्येक फेऱ्याला हत्यार किती पुढे सरकवावे, हे प्रश्न प्रत्येक कारागीर रोज अंदाजाने सोडवत असे. १८८० मध्ये टेलर यांनी मिडव्हेलचे प्रमुख विल्यम सेलर्स यांच्याकडे यासंबंधी प्रयोग करण्याची परवानगी मागितली. सेलर्स हे स्वतः नामवंत यंत्रहत्यार निर्माते होते. काम सहा महिन्यांत संपेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते निरनिराळ्या कारखान्यांत सुमारे २६ वर्षे चालले.

पहिले प्रयोग ६६ इंच व्यासाच्या एका उभ्या बोअरिंग यंत्रावर झाले. प्रयोगासाठी एकसारख्या कठीणपणाच्या पोलादी धावा वापरण्यात आल्या. मालाचा कठीणपणा बदलत राहिला असता तर वेगातील फरक हत्यारामुळे पडला की मालामुळे, हे कळले नसते. त्या काळी प्रचलित असलेल्या टोकदार हत्यारापेक्षा गोलसर टोकाचे हत्यार जड कामात अधिक वेगाने चालते, हे प्रथम आढळले. १८८३ मध्ये त्याहून महत्त्वाची गोष्ट लक्षात आली. हत्याराच्या टोकावर, जेथे कीस सुटतो तेथे, पाण्याची मोठी धार सोडल्यास कर्तनवेग ३० ते ४० टक्क्यांनी वाढवता येत असे. त्यानुसार १८८४ मध्ये मिडव्हेलची नवी यंत्रशाळा उभारताना प्रत्येक यंत्राला पाणी पोचवण्याची व वापरलेले पाणी परत गोळा करण्याची सोय करण्यात आली. यंत्र व माल गंजू नये म्हणून पाण्यात सोडा मिसळला जाई. कारागीर तोच, लेथ तोच आणि श्रमही तेवढेच असताना केवळ पुरवठ्यातील या बदलाने त्याच्या हातून जास्त काम होऊ लागले.

चामडी पट्ट्यांचा अभ्यास

त्या काळातील यंत्रशाळांत प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर नसे. वाफेच्या इंजिनावर फिरणाऱ्या, छताखालील लांब दांड्यावरून चामडी पट्ट्यांद्वारे शक्ती खाली यंत्रापर्यंत येई. पट्टा सैल पडला की यंत्राचा जोर कमी होई, कारागीर उथळ काप घेई, आणि पट्टा तुटला तर काम थांबे. टेलर यांनी मिडव्हेल येथे नऊ वर्षे पट्ट्यांच्या नोंदी ठेवल्या व त्यांवर आधारित 'नोट्स ऑन बेल्टिंग' हा निबंध १८९३ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनियर्स या संस्थेपुढे मांडला.

प्रचलित नियमांनी येणाऱ्या मापापेक्षा अधिक रुंद व जाड पट्टा घ्यावा, त्याचा ताण तराजूने मोजून ठरावीक राखावा, तो वेळच्या वेळी स्वच्छ करून त्याला वंगण द्यावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. असा पट्टा खरेदीला महाग पडतो, परंतु तो जास्त काळ टिकतो. त्याहीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे पट्ट्याच्या किमतीतील बचत ही काम थांबल्याने होणाऱ्या नुकसानीपुढे क्षुल्लक ठरते. पट्ट्याची निगा कारागिराकडून काढून घेऊन ती त्यासाठी नेमलेल्या माणसाकडे सोपवावी, अशी सूचनाही त्यांनी केली. खरेदीचा निर्णय वस्तूच्या किमतीवर न घेता तिच्यामुळे माणूस व यंत्र किती वेळ चालू राहतात यावर घ्यावा, हा विचार त्यांच्या पुढील सर्व कामात आढळतो.

सल्लागार म्हणून कार्य

१८९० मध्ये मिडव्हेल सोडून टेलर यांनी काही वर्षे मेन व विस्कॉन्सिन राज्यांत लगदा व कागद तयार करणाऱ्या एका कंपनीचे व्यवस्थापन पाहिले. १८९३ पासून ते स्वतंत्र सल्लागार म्हणून काम करू लागले. १८९५ मध्ये त्यांनी नगावारी वेतनावरील निबंध अभियंत्यांच्या संस्थेपुढे वाचला. ठरवलेले काम पुरे करणाऱ्यास प्रत्येक नगामागे जास्त दर व न करणाऱ्यास कमी दर, अशी दुहेरी दरांची पद्धत त्यांनी त्यात मांडली होती.

याच सुमारास त्यांनी जहाजे बांधणाऱ्या क्रॅम्प कंपनीसाठी बाजारात विकत मिळणाऱ्या हत्याराच्या पोलादांची तुलना केली. इंग्लंडमधील रॉबर्ट मुशेट यांनी १८६८ मध्ये टंगस्टनयुक्त 'स्वयंकठीण' पोलाद तयार केले होते. साध्या कार्बन पोलादाप्रमाणे पाण्यात बुडवून पाणी देण्याची गरज त्याला नसे. ते महाग असल्याने कारखाने त्याचा वापर अत्यंत कठीण धातू कापण्यापुरता मर्यादित ठेवत. टेलर यांच्या १८९४–९५ च्या प्रयोगांत मात्र उलटे चित्र दिसले. कठीण पोलाद किंवा कठीण बीड कापताना या हत्याराने कार्बन पोलादाच्या तुलनेत वेग सुमारे ४५ टक्के वाढत असे, तर मऊ बीड कापताना तो जवळजवळ ९० टक्के वाढत असे. महाग हत्यार कारखाने नेमके जेथे कमी लाभदायक होते तेथेच वापरत होते. या पोलादाच्या हत्यारावर पाणी सोडू नये, असे विक्रेते बजावत असत. तथापि पाणी वापरल्यास पोलाद कापताना सुमारे ३३ टक्के अधिक वेग मिळतो, असेही आढळले.

सायकलीत वापरल्या जाणाऱ्या पोलादी गोळ्या तयार करणाऱ्या फिचबर्ग येथील सायमंड्स रोलिंग मशीन कंपनीतही टेलर यांनी काम केले. तेथे गोळ्यांची तपासणी करणाऱ्या मुलींचे कामाचे तास साडेदहावरून साडेआठवर आणले गेले. टेलर यांच्या सांगण्यानुसार आधी १२० मुलींना लागणारे काम शेवटी ३५ मुली अधिक अचूकपणे करू लागल्या. उरलेल्या मुलींची नोकरी गेली, ही या प्रयोगाची दुसरी बाजू होती.

बेथलेहेम व हाय-स्पीड स्टील

१८९८ मध्ये बेथलेहेम आयर्न कंपनीने टेलर यांना पाचारण केले. तोफा व चिलखती पत्रे यांसाठी लागणारे मोठे घडाईचे भाग तेथे तयार होत. घडाईचे काम वेगाने होई, पण ते भाग कातणाऱ्या यंत्रशाळेत माल तुंबून राही. यंत्रशाळेत एकाच प्रकारचे हत्याराचे पोलाद वापरावे, असे टेलर यांनी ठरवले व निरनिराळ्या पोलादांची चाचणी घेऊन त्यांतील एक निवडले. मात्र फोरमन व अधिकाऱ्यांपुढे प्रात्यक्षिक देताना निवडलेली हत्यारे सपशेल अपयशी ठरली. तापवताना ती जास्त तापून बिघडली असावीत, असा संशय आला.

या अपयशाचे कारण शोधण्यासाठी टेलर व कंपनीचे धातुतज्ज्ञ मॉन्सेल व्हाइट यांनी तीच हत्यारे क्रमाक्रमाने वाढत्या तापमानाला तापवून पाहिली. ठरावीक मर्यादेपलीकडे तापवलेले हत्यार निकामी होते, असा लोहारांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज होता आणि काही अंशी तो खराही निघाला. परंतु तापमान सुमारे ९४० अंश सेल्सिअसच्या पुढे, थेट वितळण्याच्या जवळपास नेल्यास क्रोमियम व टंगस्टन असलेले पोलाद पुन्हा सुधारू लागते व पूर्वीपेक्षा कितीतरी सरस बनते, असे त्यांना आढळले. त्यांच्या पोलादात सुमारे ८ टक्के टंगस्टन व सुमारे ४ टक्के क्रोमियम होते. अशा हत्याराचे टोक घर्षणाने लाल झाले तरी त्याची धार जात नसे. हे संस्करण 'टेलर–व्हाइट प्रक्रिया' या नावाने ओळखले जाते.

बेथलेहेमच्या ज्या यंत्रशाळेत ही हत्यारे वापरात आली, तेथील सरासरी कर्तनवेग मिनिटाला सुमारे ९ फुटांवरून सुमारे २५ फुटांवर गेला. कापाची खोली सुमारे ३० टक्क्यांनी व हत्याराची सरक सुमारे २४ टक्क्यांनी वाढली. परिणामी ताशी काढल्या जाणाऱ्या धातूचे प्रमाण सरासरी सुमारे १४ किलोग्रॅमवरून सुमारे ६२ किलोग्रॅमवर, म्हणजे चौपटीहून अधिक झाले.

केवळ नवे पोलाद आणून हा लाभ पूर्णपणे पदरात पडत नव्हता. छताखालील दांड्यांचे फेरे वाढवावे लागले, पट्टे बदलावे लागले आणि जुने लेथ नव्या हत्याराचा जोर सोसण्यास अपुरे पडू लागले. पुढील दशकात यंत्रहत्यारे तयार करणाऱ्या कंपन्यांनी अधिक वजनदार व अधिक शक्तीच्या यंत्रांची रचना केली. एका वस्तूची सुधारणा दुसऱ्या वस्तूच्या मर्यादेपाशी येऊन अडते, हे या निमित्ताने स्पष्ट झाले.

१९०० मधील पॅरिस प्रदर्शनात लाल तापलेल्या टोकाने पोलाद कापणारे हत्यार प्रेक्षकांना दाखवण्यात आले व युरोपातील अभियंत्यांत त्याची मोठी चर्चा झाली. फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ आंरी ल शातेलिए यांनी टेलर यांच्या संशोधनाचा तेथे प्रसार केला. या प्रक्रियेची एकस्वे मात्र टिकली नाहीत. बेथलेहेम कंपनीने दुसऱ्या कंपनीविरुद्ध दाखल केलेल्या दाव्यात न्यू जर्सीतील संघीय न्यायालयाने १९०९ मध्ये ती अवैध ठरवली.

फावडे व कच्चे लोखंड

बेथलेहेमच्या आवारात टेलर यांनी हातश्रमाच्या कामांचाही अभ्यास केला. तेथील मजूर स्वतःचे फावडे घेऊन येत व त्याच एका फावड्याने हलका कोळसा व जड लोहखनिज दोन्ही उचलत. त्यामुळे एका खेपेचे वजन कोळशाच्या वेळी जेमतेम दीड किलोग्रॅम, तर खनिजाच्या वेळी सुमारे १७ किलोग्रॅम भरे. एका खेपेला सुमारे २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलोग्रॅम वजन उचलल्यास दिवसाचे काम सर्वाधिक होते, असे टेलर यांना आढळले. त्यानंतर कंपनीने निरनिराळ्या आकारांची फावडी स्वतः खरेदी करून अवजारखान्यातून मजुरांना मालाप्रमाणे देण्यास सुरुवात केली. टेलर यांच्या आकडेवारीनुसार आवारातील ४०० ते ६०० मजुरांचे काम पुढे सुमारे १४० मजूर करू लागले. दरडोई दैनिक काम १६ टनांवरून ५९ टनांवर आणि सरासरी मजुरी १.१५ डॉलरवरून १.८८ डॉलरवर गेली. अवजारखाना, कारकून व देखरेख यांचा वाढीव खर्च धरूनही टनामागील खर्च निम्म्याहून कमी झाला.

कच्च्या लोखंडाच्या ठोकळ्या वाहून गाडीत भरण्याचा प्रयोग याहून अधिक गाजला. निवडक मजुरांनी दिवसाला साडेबारा टनांऐवजी साडेसत्तेचाळीस टन लोखंड वाहिले, असे टेलर यांनी लिहिले आहे. पुढील काळातील संशोधकांनी मूळ नोंदी तपासून या कथनातील अनेक तपशील अतिरंजित असल्याचे दाखवून दिले आहे.

कंपनीच्या अधिकाऱ्यांशी मतभेद वाढल्याने १९०१ मध्ये टेलर यांना बेथलेहेम सोडावे लागले. त्यानंतर त्यांनी पैसे घेऊन सल्ला देण्याचे काम जवळजवळ बंद केले व लेखन, व्याख्याने आणि आपल्या पद्धतीचा प्रसार यांना वाहून घेतले.

'ऑन द आर्ट ऑफ कटिंग मेटल्स'

१९०६ मध्ये टेलर अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल इंजिनियर्सचे अध्यक्ष झाले. अध्यक्षीय भाषण म्हणून त्यांनी २६ वर्षांच्या प्रयोगांचा वृत्तांत सादर केला. नोंदवलेल्या प्रयोगांची संख्या ३० ते ५० हजारांच्या दरम्यान होती. त्यासाठी आठ लाख पौंडांहून अधिक, म्हणजे सुमारे ३,६०,००० किलोग्रॅम पोलाद व लोखंडाचा कीस पाडण्यात आला आणि दीड ते दोन लाख डॉलर खर्च झाला. हा खर्च निरनिराळ्या कंपन्यांनी सोसला होता.

कर्तनवेग ठरवणारे बारा घटक टेलर यांनी सांगितले व त्यांचे परिणाम वेगळे करून मोजले. कापायच्या धातूचा दर्जा हा त्यांतील सर्वांत प्रभावी घटक होता. अर्धवट कठीण केलेले पोलाद किंवा थिजवलेले कठीण बीड यांसाठी योग्य वेग १ मानला, तर अत्यंत मऊ, कमी कार्बनच्या पोलादासाठी तो १०० पर्यंत जातो. हत्याराच्या पोलादाचे रासायनिक घटक व उष्णता संस्करण यांमुळे पडणारा फरक १ ते ७ पट, कापाची जाडी बदलल्याने पडणारा फरक १ ते ३.५ पट, तर पाण्यामुळे पडणारा फरक १ ते १.४१ पट होता. हत्याराची धार वीस मिनिटांनी लावायची की दीड तासाने, यामुळे पडणारा फरक १ ते १.२० एवढाच होता. कारागिराच्या हातचलाखीपेक्षा त्याच्याकडे येणारा माल व त्याला दिलेले हत्यार यांचा प्रभाव किती मोठा आहे, हे या प्रमाणांवरून दिसून आले.

बारा घटकांचा मेळ घालून गणित सोडवणे कोणत्याही कारागिराला कामाच्या घाईत शक्य नव्हते. टेलर यांचे सहकारी कार्ल बार्थ यांनी त्यासाठी विशेष सरकपट्टी तयार केली. तिच्या साहाय्याने दिलेल्या यंत्रावर दिलेल्या भागासाठी योग्य वेग व सरक काही क्षणांत काढता येई. हेन्री गँट यांनीही या कामात भाग घेतला होता. कर्तनवेग व हत्याराचे आयुष्य यांचा परस्परसंबंध सांगणारे, टेलर यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले समीकरण याच संशोधनातून आले.

व्यवस्थापनविषयक विचार

१९०३ च्या 'शॉप मॅनेजमेंट' या निबंधात टेलर यांनी यंत्रशाळेची नवी रचना मांडली. कामाचे नियोजन यंत्रापासून दूर स्वतंत्र नियोजन कक्षात व्हावे, प्रत्येक कामासाठी लेखी सूचनापत्र असावे, हत्यारे एकाच जागी ठरावीक कोनांत धार लावून कामासोबत कारागिराला मिळावीत आणि माल यंत्रापाशी वेळेवर पोचावा, ही त्याची प्रमुख सूत्रे होती. हत्याराचे पोलाद, पट्टे, बोल्ट व लहानसहान साहित्य यांचे प्रकार मर्यादित ठेवून त्यांचा दर्जा ठरवून द्यावा, यावरही त्यांचा भर होता. हत्यार एकसारखे नसेल तर एका कारागिरासाठी ठरवलेली कामाची मात्रा दुसऱ्याला लावणे अन्यायाचे ठरते, हे त्यामागील कारण होते.

उत्पादन वाढवणाऱ्या कामगाराला नेहमीपेक्षा ३० ते १०० टक्के अधिक वेतन मिळावे, असे टेलर यांचे मत होते. तथापि उत्पादनातील वाढ त्याहून पुष्कळ मोठी असे व उरलेला लाभ मालक आणि ग्राहक यांच्याकडे जाई. हा लाभ केवळ कामगाराच्या श्रमातून नव्हे, तर संशोधन, हत्यारे व नियोजन यांतून निर्माण होतो, असे टेलर समर्थनार्थ म्हणत.

विरोध व चौकशी

१९१० मध्ये पूर्वेकडील रेल्वे कंपन्यांनी मालवाहतुकीचे दर वाढवण्यासाठी अर्ज केला, तेव्हा वकील लुईस ब्रँडाइस यांनी दरवाढीऐवजी कार्यक्षमता वाढवावी असा युक्तिवाद करून टेलर यांच्या पद्धतीचा दाखला दिला. 'शास्त्रीय व्यवस्थापन' हा शब्दप्रयोग त्यानंतर सर्वतोमुखी झाला. १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेलर यांच्या पुस्तकाची अनेक भाषांत भाषांतरे झाली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात साचेकाम करणाऱ्या कारागिरांनी घड्याळ लावून होणाऱ्या मोजमापाविरुद्ध काम बंद केले. त्यानंतर अमेरिकन प्रतिनिधिगृहाने चौकशी समिती नेमली. जानेवारी १९१२ मध्ये टेलर यांची या समितीपुढे अनेक दिवस साक्ष झाली. कामगार संघटनांचे म्हणणे असे होते, की या पद्धतीत कारागिराचे ज्ञान काढून घेऊन ते नियोजन कक्षात नेले जाते, कामाचा वेग माणसाच्या सहनशक्तीबाहेर नेला जातो आणि थोड्या माणसांत काम उरकल्याने इतर बेकार होतात. टेलर यांनी मालकांवरही टीका केली. हत्यारे, पट्टे व माल यांची व्यवस्था न लावता केवळ घड्याळ वापरणारे मालक आपली पद्धत समजलेच नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. १९१५ मध्ये अमेरिकन संसदेने शस्त्रागारांसाठीच्या निधीतून घड्याळी मोजमापावर खर्च करण्यास मनाई केली. ही मनाई पुढे अनेक वर्षे टिकली.

व्यक्तिगत जीवन

टेलर यांना खेळांची आवड होती. १८८१ च्या पहिल्या अमेरिकन राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत त्यांनी क्लॅरेन्स क्लार्क यांच्यासह पुरुष दुहेरीचे विजेतेपद मिळवले. गोल्फ व बागकामातही ते प्रयोग करत. टेलर दांपत्याने तीन मुले दत्तक घेतली होती. उत्तरायुष्यात ते फिलाडेल्फियातील चेस्टनट हिल येथील 'बॉक्सली' या निवासस्थानी राहत असत.

मृत्यू

न्यूमोनियाने आजारी पडून २१ मार्च १९१५ रोजी, एकोणसाठाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, टेलर यांचे फिलाडेल्फिया येथे निधन झाले.

मूल्यमापन व प्रभाव

टेलर यांचा प्रभाव अमेरिकेपुरता राहिला नाही. युरोप व जपानमध्ये त्यांची पुस्तके वाचली गेली. भांडवलशाहीतील पिळवणुकीचे साधन म्हणून या पद्धतीवर टीका करणाऱ्या लेनिन यांनी १९१८ मध्ये सोव्हिएत उद्योगांसाठी तिच्या अभ्यासाचा पुरस्कार केला. हाय-स्पीड स्टीलचे घटक पुढे बदलत गेले व १८ टक्के टंगस्टन, ४ टक्के क्रोमियम व १ टक्का व्हॅनेडियम असलेला प्रकार दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. त्यानंतर आलेल्या कार्बाइड हत्यारांनी कर्तनवेग आणखी वाढवला. हत्याराच्या आयुष्याचे टेलर समीकरण अभियांत्रिकी महाविद्यालये व तंत्रनिकेतने यांतून आजही शिकवले जाते.

टेलर यांच्या चरित्रातून कामगार उत्पादकतेच्या मोजमापाची एक अडचणही पुढे येते. दरडोई उत्पादन हा आकडा कामगाराच्या नावे नोंदला जातो; परंतु धातूचे भाग तयार करणाऱ्या कारखान्यात तो विकत घेतलेल्या पोलादाच्या दर्जाने, हत्याराने व शक्तीच्या पुरवठ्याने वर-खाली होतो. मऊ व एकसारखा माल आला, तर त्याच कारागिराचे नग वाढतात. कठीण वा सदोष ओतीव माल आला, तर ते घटतात. त्यामुळे नगांच्या संख्येवरून कामगाराला शाबासकी किंवा दंड देताना त्याच्या हाती काय दिले होते, हे पाहणे आवश्यक ठरते. टेलर यांनी मोजलेले बारा घटक कामगाराच्या या बाजूने बोलतात. त्यांची पद्धत स्वीकारणाऱ्या अनेक कारखान्यांनी मात्र घड्याळ तेवढे घेतले आणि हत्यारे, पट्टे व माल यांच्या व्यवस्थेचा खर्च टाळला. टेलर यांच्या कार्याविषयी शंभर वर्षांनंतरही मतभेद टिकून राहण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.